वेडा, माथेफिरू, स्वमग्न : एका संशयाचा इतिहास

माझा भाचा रोज संध्याकाळी माधवनगरच्या रेल्वे स्टेशनावर जातो. कितीतरी वर्षांचा त्याचा हा नेम आहे. मालगाडी आली की तो डबे मोजतो आणि घरी येऊन आकडा वहीत लिहितो. आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे हलवतो. कोणी नाव विचारले तर बहुधा उत्तर देत नाही. तो स्वमग्न आहे. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो २२ वर्षांचा होता. त्या संध्याकाळी फलाटावर एका बाईंबरोबर लहान मूल होते. मुलाच्या पायात, पाऊल टाकले की लाल दिवे लागणारे बूट होते. भाचा उकिडवा बसून ते दिवे बघू लागला. मूल चालले की हाही उकिडव्यानेच पुढे सरके. बाई घाबरल्या. कोणीतरी म्हणाले, ‘पोरं पळवणारा दिसतोय.’ दहाबारा जण जमले. एकाने दंड धरला. भाच्याला अनोळखी स्पर्श सहन होत नाही. तो मोठ्याने ओरडला आणि त्याने स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. जमलेल्यांची खात्रीच पटली. एकदोघांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केले. चहाच्या गाड्यावाल्याने त्याला ओळखले आणि मला फोन केला.

मी स्कूटरवरून धापा टाकत पोहोचलो आणि म्हणालो, ‘अहो, तो वेडा नाही. त्याला ऑटिझम आहे.’

पकड सुटली. दंड धरणारा तरुण ओशाळला. तो वाईट मनाचा नव्हता. म्हणाला, ‘मग आधी सांगायचं ना काका. आम्हाला वाटलं वेडा आहे.’

त्या रात्री बहिणीने विचारले, ‘दादा, उद्यापासून त्याला घरातच ठेवू का?’ मी उत्तर दिले नाही. माझ्या डोक्यात त्या तरुणाचे वाक्य होते, आणि त्याहून अधिक माझे स्वतःचे. तो वेडा नाही, म्हणून त्याला सोडा. म्हणजे वेडा असता तर धरणे योग्य होते? चाळीस शब्दांत हिशेब मांडणारा मी माणूस. हळदीच्या अडतीत दिवाणजी म्हणून आयुष्य गेले. त्या एका वाक्याचा हिशेब मात्र लागेना. तो लावण्यासाठी गेली तीन वर्षे जे वाचले, त्यातले काही येथे मांडतो. मी डॉक्टर नाही, वकील नाही आणि विद्यापीठातला इतिहासकारही नाही. वेगळे वागणारा माणूस धोकादायकच असणार ही समजूत आपल्याकडे कशी मुरली, एवढाच माझा प्रश्न आहे.

ऋद्धपूरचे राऊळ

मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी एक अशाच एका वेगळ्या माणसाविषयी आहे. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू तेराव्या शतकात ऋद्धपूर येथे राहत. हे गाव आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी जमवल्या. या आठवणींतले राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते उचलून खातात, कारण नसताना हसतात, एकाएकी रागावतात, लहान मुलांसारखे खेळतात. गावकरी त्यांना वेडेही म्हणतात आणि देवही मानतात.

सातशे वर्षांपूर्वीच्या विभूतीचे वैद्यकीय निदान करणे हा उद्धटपणा होईल. तो मी करत नाही. जुना काळ सोन्याचा होता असेही म्हणत नाही. देवत्वाचे कवच लाभले म्हणून राऊळांना गावाने सांभाळले. ज्यांना ते लाभले नाही, अशांना साखळीने बांधले, अंगात आले म्हणून झोडपले, ही कहाणीही आपल्याच समाजाची आहे. मला येथे दिसते ते इतकेच, की ‘वेडा’ या शब्दाबरोबर ‘गुन्हेगार’ हा शब्द आपोआप येत नव्हता. राऊळ कोणाच्या घरात शिरले तर लोकांना त्यांची रीत माहीत होती. ओळख होती म्हणून भीतीला जागा कमी होती. आपल्या भाषेत तर वेड ही काही अंशी कौतुकाचीही गोष्ट राहिली. नाटकाचे वेड, गाण्याचे वेड, वारीचे वेड असे आपण आजही म्हणतो.

मग या दोन शब्दांची गाठ कोठे पडली?

१८४३ : सांगली आणि लंडन

१८४३ हे साल सांगलीकरांना पाठ असते. त्या वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले. त्याच वर्षी जानेवारीत लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील यांच्या सचिवावर गोळी झाडली आणि त्यात सचिवाचा मृत्यू झाला. सरकारपक्ष आपला छळ करतो आहे, असा मॅक्नॉटनला भ्रम होता. न्यायालयाने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरवले. इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला. त्यातून न्यायाधीशांनी जे नियम सांगितले ते मॅक्नॉटन नियम म्हणून ओळखले जातात.

त्यांचाच आशय १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला. कृत्य करतेवेळी मन विकल असल्यामुळे आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे ज्याला कळूच शकत नव्हते, त्याचे ते कृत्य गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २२ मध्ये हेच तत्त्व आहे.

या कलमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ते प्रथम कृत्याविषयी विचारते. काय घडले? ते कोणी केले? मग त्या वेळी त्याच्या मनाची अवस्था काय होती? माणूस कसा आहे, हा प्रश्न शेवटी येतो आणि तोही त्याच्या बचावासाठी येतो. स्टेशनावर आम्ही सगळ्यांनी हा क्रम उलटा केला होता. हा कोण, कसा, हे आधी. काय केले, हे कोणी विचारलेच नाही. मीसुद्धा नाही.

‘मोकाट भटकणारा’

कायद्याची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू वेगळी आहे. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला आणि १९१२ मध्ये भारतीय वेडेपणाचा कायदा आला. १९१२ च्या कायद्याच्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी असलेला माणूस आणि पुढे मन बिघडलेला माणूस हे दोघेही एकाच शब्दाखाली घातले होते. त्याच्या कलम १३ ने ठाणेदाराला दोन अधिकार दिले. आपल्या हद्दीत मोकाट भटकणारा माणूस वेडा आहे असे वाटले, तर त्याला तो अटक करू शकत होता. वेडामुळे तो धोकादायक आहे असे वाटले, तर अटक केलीच पाहिजे असे बंधन होते.

भटकणारा, वेडा, धोकादायक आणि अटक. हे चार शब्द एका कलमात शेजारी आले आणि ७० वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अंमलात आला, तोपर्यंत १९१२ चा कायदाच चालू होता. ठाणेदाराला ‘वाटले’ की पुरे होते. त्या माणसाने काही केलेले असण्याची गरज नव्हती.

भटकण्याविषयीचा हा संशय केवळ मनोरुग्णांपुरता नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद केली आणि हजेऱ्या लावल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्याचे घर दिसत नाही, ज्याची रीत समजत नाही, त्याच्याकडे गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार म्हणून पाहायचे, हे सरकारी वळण होते. पुढे ते समाजाच्या अंगवळणी पडले.

मुंबईकडे कोणाला चिडवायचे तर ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. तेथील मनोरुग्णालय १९०१ चे. आमच्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात. येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि मध्यवर्ती कारागृहही आहे. बोलणाऱ्याच्या मनात यातले नेमके कोणते असते, हे मी लहानपणापासून ओळखू शकलेलो नाही. बहुधा त्यालाही ते माहीत नसते. एका गावाच्या नावात रुग्ण आणि कैदी एकत्र नांदतात, आणि बोलता बोलता एकच होतात.

१९६८

माझ्या पिढीच्या अनेकांना लहानपणी रात्री झोपवताना ‘रामन राघव येईल’ असे भेडसावले गेले. मुंबईत १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपनगरांतल्या झोपड्यांत व पदपथांवर झोपलेल्या माणसांचे खून झाले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी पोलीस उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी रामन राघवला पकडले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्याने अपील केले नाही. शिक्षा कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाकडून त्याची तपासणी करवली. त्याला जुनाट स्वरूपाचा स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. पुढे फाशीची जन्मठेप झाली. त्याला येरवड्याच्या कारागृहात ठेवले होते आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला.

न्यायालयाने अखेर त्याला रुग्ण मानले. लोकांच्या स्मरणात मात्र उलटे घडले. एका रुग्णाने खून केले, याचा अर्थ रुग्ण खून करतात असा झाला. ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे असे हजारो लोक त्या वेळीही घराच्या मागच्या खोलीत बसून होते, घाबरून, कोणाला इजा न करता. त्यांची बातमी होण्याचे कारण नव्हते. बातमी झाली ती एकाची, आणि त्या एकाचा चेहरा सगळ्यांना चिकटला. त्याच्यावर १९९१ मध्ये माहितीपट निघाला आणि २०१६ मध्ये त्याचे नाव घेऊन हिंदी चित्रपटही आला.

आपल्या वर्तमानपत्रांनी या चेहऱ्याला एक मराठी नाव दिले आहे : माथेफिरू. एकतर्फी प्रेमातून चाकू चालवणारा माथेफिरू. रात्री दुचाक्या जाळणारा माथेफिरू. पुतळ्याची विटंबना करणारा माथेफिरू. यातल्या बऱ्याच जणांचे डोके पूर्ण ठिकाणावर असते. सूड, मत्सर, दारू, राजकारण अशी साधी कारणे असतात. पण ‘माथेफिरू’ म्हटले की कारण शोधावे लागत नाही. गुन्हेगार आपल्यातला नव्हता, कोणीतरी वेगळाच होता, असे समाधान मिळते. या समाधानाची किंमत खरोखर वेगळ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

एका शब्दाचा प्रवास

आता ‘ऑटिझम’ या शब्दाकडे वळतो. कारण १९६८ हे साल त्याच्याही इतिहासात येते.

हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ युजीन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास घडवला, तो स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण सांगण्यासाठी. बाहेरच्या जगापासून तुटून स्वतःत मिटून जाणे, असा त्याचा अर्थ होता. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि तोच शब्द या मुलांसाठी वापरला. ही मुले जगापासून तुटलेली नव्हती. ती सुरुवातीपासूनच जगाशी वेगळ्या रीतीने जोडलेली होती. पण शब्द उसना होता आणि उसन्या शब्दाबरोबर त्याचे जुने सोबतीही आले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका १९६८ मध्ये दुसऱ्यांदा निघाली. तिच्यात अशा मुलांचे वर्तन बालवयातील स्किझोफ्रेनियाच्या खात्यात मांडलेले आहे. ऑटिझमला स्वतंत्र खाते मिळाले ते १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे ज्या वर्षी स्किझोफ्रेनियाला मुंबईत रामन राघवचा चेहरा मिळाला, त्याच वर्षीच्या पुस्तिकेत माझ्या भाच्यासारखी मुले त्याच नावाखाली नोंदलेली होती. हा निव्वळ योगायोग आहे. पण हिशेबाच्या चुका अशाच होतात. एका खात्यावरची नोंद दुसऱ्या खात्यावर जाते आणि पुढची कैक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच मुलांवर लिहिताना त्यांच्या अवस्थेला ‘ऑटिस्टिक सायकोपथी’ म्हटले. त्या काळच्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ स्वभावातील विकृती एवढाच होता. इंग्रजीत मात्र सायकोपथ म्हणजे थंड डोक्याचा क्रूर माणूस. ब्रिटनच्या डॉ. लॉर्ना विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. १९८१ मध्ये त्यांनी तो शब्द जाणीवपूर्वक टाळला आणि ‘ॲस्पर्गर सिंड्रोम’ असे नाव वापरले. सायकोपथी म्हटले की लोक समाजविघातक वर्तनच समजतील, अशी त्यांना काळजी होती. पुढे २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने उजेडात आणले, की ॲस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना नाझींच्या ज्या संस्थेत पाठवले होते, तेथे मुलांना मारले जात असे. धोकादायक कोण, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात किती वेगळे निघते, हे यावरून दिसावे.

न्यूटाउन, १४ डिसेंबर २०१२

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यूटाउन येथे २० वर्षांच्या एका तरुणाने आधी आईला मारले. मग सँडी हूक शाळेत शिरून २० मुले आणि ६ प्रौढांना गोळ्या घातल्या. त्या तरुणाला ॲस्पर्गर सिंड्रोम होता अशी बातमी लगेच पसरली, आणि ती भारतीय वाहिन्यांवरही आली. माझ्या बहिणीने ती पाहिली. भाचा तेव्हा १२ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका बाईंनी तिला आपुलकीनेच सांगितले, ‘घरात सुऱ्या वर ठेवत जा हो.’

दोन वर्षांनी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, कनेटिकटच्या बालहक्क कार्यालयाने या प्रकरणाचा सविस्तर अहवाल दिला. ऑटिझमपासून किंवा अन्य मानसिक अडचणींपासून त्या हत्याकांडापर्यंत कारणाची सरळ रेघ ओढता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. बिघडत गेलेली आणि उपचारांविना राहिलेली मनःस्थिती, कुटुंबाचे एकटेपण, हिंसेचा ध्यास आणि हाताशी असलेली शस्त्रे अशा अनेक गोष्टी त्यात होत्या. हा अहवाल आमच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. बातमी एका दिवसात पोहोचली होती.

संशोधन काय सांगते? स्वीडनमध्ये स्टॉकहोम भागातल्या २,९५,७३४ तरुणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५,७३९ जणांना ऑटिझमचे निदान झालेले होते. हिंसक गुन्ह्यांतील शिक्षांचे प्रमाण या गटात प्रथमदर्शनी काहीसे अधिक दिसले. परंतु अतिचंचलता आणि वर्तनदोष यांचे वेगळे निदान हिशेबात धरल्यावर ही वाढ उरली नाही. ऑटिझम हे त्यामागचे कारण दिसत नव्हते.

येथे थांबलो असतो तर माझ्या भाच्याची सुटका झाली असती आणि इतरांची राहून गेली असती. म्हणून दुसरा अभ्यास सांगतो. १९९८ मध्ये अमेरिकेत मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ती मॅकआर्थर अभ्यास म्हणून ओळखली जाते. ज्या रुग्णांना दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन नव्हते, त्यांच्यातील हिंसेचे प्रमाण त्याच वस्तीतल्या निर्व्यसनी शेजाऱ्यांइतकेच निघाले. म्हणजे स्टेशनावर मी ज्याला वाऱ्यावर सोडले, तो ‘वेडा’सुद्धा शेजाऱ्यापेक्षा अधिक धोकादायक नव्हता.

स्वमग्न माणसे देवदूत असतात असे मला सुचवायचे नाही. माझा भाचा चिडतो. आवाज, गर्दी, अनपेक्षित स्पर्श यांचा मारा असह्य झाला की तो ओरडतो, डोके आपटतो, धरणाऱ्याचा हात झटकतो. एकदा माझा चष्मा फुटला आहे. हा ताण उतू जाण्याचा प्रकार आहे. अशा वेळी त्याला धरू नये, घेरू नये, आवाज कमी करावा, थोडी जागा द्यावी. पाचदहा मिनिटांत तो शांत होतो. कोणाला इजा करण्याचा बेत आखण्याशी याचा काही संबंध नाही. फलाटावरच्या लोकांनी जे जे केले, ते नेमके या उलट होते.

राईनपाडा आणि लवंगा

आता या हिशेबाची दुसरी बाजू. वेगळा माणूस मारतो किती, हे पाहिले. तो मार खातो किती?

अपंग मुलांवर होणाऱ्या हिंसेविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. इतर मुलांच्या तुलनेत अपंग मुलांना हिंसा सोसावी लागण्याची शक्यता त्यात साडेतीन पटींहून अधिक निघाली.

आपल्या राज्यात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागण्यासाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा मोबाइलवरून त्या भागात पोहोचलेल्या होत्या. जमावाने या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातील बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध सर्व राज्यांना निर्देश दिले.

मंगळवेढ्याला लागून आमच्या सांगली जिल्ह्याचा जत तालुका आहे. १३ सप्टेंबर २०२२ रोजी तेथील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी बेदम मारले. ते विजापूरहून पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. संशय तोच, मुले पळवण्याचा. भाच्याची घटना त्याच आठवड्यातली. फलाटावरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लवंग्याची चित्रफीत होती.

डवरी गोसावी, साधू आणि स्वमग्न मुलगा. या तिघांत काय सारखे आहे? गुन्हा नाही, आजारही नाही. तिघेही गर्दीला परके वाटले, आणि ‘तू कोण’ या प्रश्नाचे गर्दीला हवे तसे उत्तर तिघांनाही देता आले नाही. १९१२ च्या कलमातला मोकाट भटकणारा माणूस तो हाच. कलम गेले, गर्दी स्वतःच ठाणेदार झाली.

कायदा पुढे गेला

कायद्यात मोठा बदल झाला, हे मान्य केले पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ते समाविष्ट झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० तर १९१२ च्या कलम १३ शेजारी ठेवून वाचावे. त्यातही भटकणारा मनोरुग्ण आहे आणि ठाणेदार आहे. पण ‘अटक’ हा शब्द नाही, त्या जागी ‘संरक्षणात घेणे’ आहे. अशा माणसाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे.

एक उणीव राहिली आहे. नव्या न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये जमावाने केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशी कारणे तेथे नावाने दिली आहेत. अपंगत्वाचे नाव नाही. ‘तत्सम अन्य कारण’ या शब्दांत ते बसवावे लागेल.

हिशेब

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी चार दिवसांनी दिले. त्याला घरात ठेवायचे नाही. त्याने काही केलेले नाही. पुढचे सहा महिने मी रोज त्याच्याबरोबर स्टेशनावर गेलो. रिक्षावाले, चहावाला, रोजचे पासधारक, सगळ्यांशी ओळख करून दिली. गळ्यात कार्ड अडकवण्याचा प्रयत्न फसला, कारण दोरी मानेला लागते. मग त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आमचे फोन नंबर लिहिले. आज तो २५ वर्षांचा आहे आणि पुन्हा एकटा जातो. ऋद्धपूरच्या गावकऱ्यांना जे माहीत होते, ते आमच्या फलाटाला सहा महिन्यांत माहीत झाले. ही त्याची रीत आहे.

मी मात्र ते वाक्य पुन्हा उच्चारलेले नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भाच्याला आणायला गेलो, तेव्हा फलाटाच्या टोकाला एक अनोळखी माणूस बसला होता. कपडे मळलेले, दाढी वाढलेली, स्वतःशीच मोठ्याने बोलत होता. तीनचार तरुण त्याच्याभोवती उभे होते. एकाने मोबाइल काढला होता. त्या माणसाला काय झाले होते ते मला ठाऊक नाही. तो वेडा नाही असे मी म्हणू शकत नव्हतो. कदाचित तो होता.

मी जवळ जाऊन विचारले, ‘यानं काय केलंय?’

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, ‘काही नाही.’ मोबाइल खिशात गेला. चहावाल्याने न सांगता एक कप त्या माणसापुढे ठेवला. तेवढ्यात मिरजेकडून मालगाडी आली. भाच्याने डबे मोजले. ५८ होते.